कुठलं वाशी? ज्ञानकोशात एकाच नावाच्या शहरांच्या लिंका पुन्हा पुन्हा चुकतात त्यावर उपाय

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला एक काका राहतात, मूळचे धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातले, नोकरीपायी नवी मुंबईत आले आणि इथलेच झाले. परवा त्यांच्या नातीला शाळेत "माझं मूळ गाव" असा प्रोजेक्ट दिला होता, म्हणून मी त्यांच्या घरी बसून ऑनलाइन ज्ञानकोशात धाराशिव जिल्ह्याचं पान काढून दिलं. खाली तालुक्यांची पट्टी होती, धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा, वाशी. पोरीने वाशीवर बोट टेकवलं आणि उघडलं काय, तर हे आपलं खाडीकाठचं वाशी, स्टेशनचा फोटो, सेक्टर, एपीएमसी मार्केट. ती म्हणाली, "आजोबा, हे तर आपण रोजच बघतो." काका काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले. मला फार वाईट वाटलं, कारण हीच लिंक मी याआधी दोनदा नीट केली होती.

दोनदा नीट करूनही परत तेच, म्हणजे ही एकदा दुरुस्त केली की मिटणारी भानगड नाहीये. ती का परत येते हे मला या तिसऱ्या वेळेला कळलं, आणि त्यासाठी लिंक दुरुस्त करून भागत नाही, "वाशी" हे नुसतं नाव कुठे न्यायचं हेच आधी ठरवावं लागतं. ते कसं ठरवायचं आणि ठरवल्यावर कुठल्या क्रमाने काम करायचं ते सगळं सविस्तर लिहितोय, गावं, शहरं, तालुके यांच्या पानांवर काम करणाऱ्या सगळ्यांना उपयोगी पडेल.

आधी लक्षण बघू. लिंक निळी दिसते, क्लिक केलं की पान उघडतं, सगळं ठीकठाक वाटतं, फक्त पान भलत्याच गावाचं असतं. लिंक लाल असती, म्हणजे त्या नावाचं पानच नसतं, तर कोणाचं तरी लक्ष गेलं असतं, पण चुकीची निळी लिंक कोणालाच खटकत नाही. लिहिणाऱ्याने चौकटी कंसात वाशी टाकलं, झलक बघितली, निळं दिसलं, जतन केलं आणि गेला. त्याच्या मनात त्याच्या जिल्ह्यातलं वाशी होतं, पानावर दुसरंच होतं, आणि हे कोणालाच कळलं नाही. सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे, की नुसत्या नावावर एखाद्या शहराचा पूर्ण लेख बसलेला असला की त्या नावाच्या बाकी सगळ्या गावांच्या चुका त्याच्याखाली गुपचूप साठत राहतात.

आणि हे काही वाशीपुरतं नाहीये. बेलापूर घ्या. आपल्याकडे सीबीडी बेलापूर, तिथला किल्ला, बेलापूर विधानसभा मतदारसंघ, आणि तिकडे अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात बेलापूर, त्यात भर म्हणजे श्रीरामपूर शहराच्या रेल्वे स्टेशनचं नावच बेलापूर आहे. म्हणजे दौंड-मनमाड रेल्वेमार्गाच्या लेखात कोणी स्टेशनांची यादी टाकताना सरळ बेलापूर लिंक केलं, की वाचणारा मनमाडच्या वाटेवरून थेट नवी मुंबईच्या हार्बर लाईनवर येऊन पडतो.

ते श्रीरामपूरसुद्धा एकटं नाहीये. बंगालमध्ये हुगळीच्या काठी दुसरं श्रीरामपूर आहे, विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याचं मराठी व्याकरण 1805 मध्ये तिथल्या मिशनच्या छापखान्यात छापलं गेलं, त्यामुळे मराठी छपाईचा इतिहास लिहिताना त्या गावाचं नाव आल्याशिवाय राहत नाही. इंग्रजी ज्ञानकोशाला हा त्रासच नाही, ते लोक बंगालच्या गावाला सेरामपूर म्हणतात, वेगळं स्पेलिंग, वेगळं पान. आपण श्रीरामपूर लिहितो, आणि कॅरीचा छापखाना शोधणारा माणूस साखर कारखान्यांच्या श्रीरामपूरला पोचतो.

हा मुद्दा मला नीट सांगायचाय कारण इथेच आपण फसतो. बरेच जण वाद झाला की म्हणतात, इंग्रजी विकिपीडियावर काय केलंय ते बघा आणि तसंच करा. अहो पण तिथली नावं रोमन लिपीत वेगळी पडतात आणि आपल्याकडे एक होतात. अमरावतीचं बघा, विदर्भातली अमरावती आणि आंध्र प्रदेशातली अमरावती, जिथे जुना बौद्ध स्तूप आहे आणि 2015 मध्ये नव्या राजधानीची पायाभरणी झाली, या दोघींच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे, देवनागरीत काना-मात्रेचाही नाही. तिथे प्रश्नच उद्भवला नाही म्हणून तिथे उत्तरही मिळणार नाही. उलटंही होतं. प्रतापगड म्हटलं की उत्तर प्रदेशात एक जिल्हा आहे, राजस्थानात एक जिल्हा आहे, इंग्रजीतला माणूस आधी त्यांच्याकडे बघेल. मराठी वाचणारा माणूस प्रतापगड शोधतो तेव्हा त्याला 10 नोव्हेंबर 1659 आठवत असतो, जावळीचं खोरं आठवत असतं, त्याला आधी तीन पर्यायांची यादी दाखवणं म्हणजे घरच्या माणसाला दारात उभं करून नाव विचारण्यासारखं आहे. तिथे नाव थेट किल्ल्यालाच गेलं पाहिजे आणि वर एक ओळ हवी, की या नावाचे जिल्हेही आहेत, ते इकडे बघा. लेखाच्या डोक्यावरच्या या एका ओळीला बरेच जण किंमत देत नाहीत, पण अर्ध्या वाटेवर चुकलेला माणूस तिच्यामुळेच परत वाटेला लागतो.

म्हणजे नुसतं नाव तीन ठिकाणी जाऊ शकतं. एक, सरळ एका शहराच्या लेखावर, वर ती ओळ टाकून. दोन, पुनर्निर्देशन करून दुसऱ्या नावाच्या लेखावर, म्हणजे हे नाव उघडलं की वाचणारा आपोआप त्या लेखावर जातो. तीन, निःसंदिग्धीकरण पानावर, म्हणजे शब्द जड आहे पण पान साधं असतं, "या नावाची ही ही ठिकाणं आहेत, तुम्हाला कुठलं हवंय" एवढंच ते विचारतं. कुठे काय करायचं हे ठरवताना मी आधी पानं किती वेळा बघितली जातात त्याचे आकडे काढायचो आणि जास्त आकडा असेल त्याला नाव देऊन टाकायचो. आता तेवढ्यावर विसंबत नाही. कारण नुसत्या "वाशी" नावावर नवी मुंबईचा लेख असेल तर धाराशिवच्या यादीतून चुकून आलेली काकांची नातसुद्धा त्याच आकड्यात मोजली जाते. चुकून आलेल्यांना मोजायचं आणि मग म्हणायचं बघा इथेच जास्त लोक येतात म्हणून नाव इथेच राहू दे, हा हिशोब गोल गोल फिरतो. आकडे बघायचेच असतील तर ज्या पानांच्या नावात गोंधळ नाहीये अशांचे बघा, समजा वाशी रेल्वे स्थानक आणि वाशी तालुका अशी दोन वेगळी पानं असतील तर त्यांची तुलना काहीतरी सांगते.

मला जी कसोटी पटली ती एसटी स्टँडवरची आहे. ठाण्याला खोपटच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत जाऊन "हैदराबादची गाडी कधी" विचारा, कोणी तुम्हाला "कुठलं हैदराबाद" विचारणार नाही, सिंधमधलं हैदराबाद कोणाच्या मनातसुद्धा येणार नाही. कळंब म्हणा, लगेच समोरून "कुठलं कळंब" येईल, कारण धाराशिवचं कळंब आहे, यवतमाळ जिल्ह्यात चिंतामणीचं कळंब आहे, आणि इकडे नालासोपाऱ्याजवळ समुद्रकाठी कळंब आहे. जिथे खिडकीतला माणूस "कुठलं" विचारतो तिथे ज्ञानकोशानेही "कुठलं" विचारलं पाहिजे, म्हणजे निःसंदिग्धीकरण पान. जिथे तो विचारत नाही तिथे सरळ लेख.

पण ही कसोटी एकाच स्टँडवर लावून चालत नाही, हे मला काकांमुळे कळलं. ठाण्यात वाशी म्हटलं तर कोणी "कुठलं" विचारत नाही, ट्रान्स हार्बरच्या गाडीत बसा म्हणतात. म्हणून मीही मधल्या काळात छातीठोकपणे सांगत होतो की वाशी म्हणजे नवी मुंबईचंच, 1992 पासून लोकल येते, इतकी माणसं रोज जातात येतात, याच्यात चर्चा कसली. पण तुळजापूरच्या स्टँडवर वाशी म्हटलं तर तिथेही कोणी "कुठलं" विचारणार नाही, आणि ते बोट दाखवतील ती गाडी इकडे येणारी नसेल. दोन्हीकडे लोक बिनधास्त आहेत, दोन्हीकडे उत्तर वेगळं आहे. असं झालं की समजायचं, हे नाव कोणा एकाचं नाहीये. म्हणून कसोटी निदान दोन जिल्ह्यांत लावा, एक तुमचा आणि एक ज्याचं गाव मागे पडेल असं वाटतं त्याचा. दोन्हीकडून एकच उत्तर आलं तर नाव त्याला द्या. वेगळी आली तर निःसंदिग्धीकरण, मग एक गाव कितीही मोठं असो. माझं मत आता पक्कं झालंय की वाशी हे नुसतं नाव निःसंदिग्धीकरण पान असावं, आपला लेख "वाशी (नवी मुंबई)" इथे असावा. इथे राहतो मी, मला माझं गाव प्रिय आहे, पण त्याच्या नावापुढे कंस आला म्हणून ते लहान होत नाही.

बिलासपूरला तर हा विचारसुद्धा करायची गरज नाही. उच्च न्यायालय छत्तीसगढच्या बिलासपूरला आहे आणि एम्स हिमाचलच्या बिलासपूरला आहे, दोन्ही बातम्यांत "बिलासपूर" एवढंच येतं, आणि लिहिणारा घाईत असला की न्यायालय हिमाचलात जातं नाहीतर हॉस्पिटल छत्तीसगढात. तिथे डोळे मिटून निःसंदिग्धीकरण.

आता काही नावं अशी आहेत जी गोंधळाची वाटतात पण तो गोंधळ वेगळ्या जातीचा आहे, त्यांना हे औषध लागू पडत नाही. आपलं नवी मुंबईच बघा. सिडको 1970 मध्ये स्थापन झाली, तिच्या आराखड्यातली नवी मुंबई ठाणे आणि रायगड अशा दोन जिल्ह्यांत पसरलीय, पनवेल, उरणकडचा भाग धरून. आणि नवी मुंबई महानगरपालिका, 1 जानेवारी 1992 पासूनची, तिची हद्द ठाणे जिल्ह्यातच. पनवेलला 2016 पासून स्वतःची वेगळी महानगरपालिका आहे. त्यामुळे खारघर नवी मुंबईत आहे का, तर सिडकोच्या हिशोबाने आहे, महापालिकेच्या हिशोबाने नाही, आणि नवी मुंबई विमानतळ तर रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे. ही दोन वेगळी शहरं नाहीयेत, एकाच नावाच्या दोन हद्दी आहेत. इथे निःसंदिग्धीकरण पान करून वाचणाऱ्याला "कुठली नवी मुंबई" विचारलं तर तो बिचारा काय सांगणार. लेख एकच ठेवा, सुरुवातीलाच एका परिच्छेदात हा हद्दीचा खुलासा करा, आणि महापालिकेचा लेख वेगळा असू द्या.

ठाण्याचा प्रकार याच्या अधेमधे पडतो. शहर, तालुका, जिल्हा, स्टेशन, मतदारसंघ, सगळ्यांचं नाव ठाणे, आणि शिवाय पोलीस ठाणे हा साधा शब्द. एसटीची कसोटी लावली तर ठाणे म्हणजे शहरच, यात शंका नाही, 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी आली ती याच गावात. म्हणून नाव शहराला आणि वर ओळ, जिल्ह्यासाठी इकडे बघा. पण आत येणाऱ्या लिंका तपासल्यात तर ढिगाने अशा सापडतील ज्यांना जिल्हा म्हणायचं होतं. डहाणू, जव्हार, मोखाडा, वसई यांच्या जुन्या मजकुरात "ठाणे" असतं ते जिल्हा म्हणून असतं, आणि त्यात 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाल्यामुळे ती वाक्यं दोनदा चुकलेली आहेत, लिंक शहराकडे जाते आणि जिल्हा तर आता तो नाहीच. असं वाक्य दिसलं की नुसती लिंक बदलून पुढे जाऊ नका, वाक्यच दुरुस्त करा. आणि जिथे 2011 च्या जनगणनेची लोकसंख्या दिली असेल, ठाणे जिल्हा 1 कोटी 10 लाख वगैरे, तिथे ती विभाजनाआधीच्या अख्ख्या जिल्ह्याची आहे हे लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला तो आकडा शहराचा वाटतो, मी अशा गैरसमजातून लिहिलेली वाक्यं वाचलीत.

नावं बदललेली शहरं हा तिसरा प्रकार. औरंगाबादचं 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. लेख नव्या नावाला गेला हे बरोबर, प्रश्न उरतो तो जुनं नाव टाइप केलं तर कुठे न्यायचं. बिहारमध्ये औरंगाबाद नावाचं शहर आणि जिल्हा आहे, म्हणून काही जणांचं म्हणणं की आता महाराष्ट्रातल्याने नाव सोडलंय तर ते बिहारला द्यावं. मला हे पटत नाही. शहराने नाव बदललं तरी पन्नास-शंभर वर्षांची पुस्तकं, सनदा, वर्तमानपत्रं बदललेली नाहीत, मराठीतल्या जुन्या मजकुरात औरंगाबाद येतं ते हेच. म्हणून जुनं नाव पुनर्निर्देशन करून छत्रपती संभाजीनगरला न्यावं, वर ओळ टाकावी, बिहारच्या जिल्ह्यासाठी इकडे बघा. वीस-तीस वर्षांनी लोकांच्या तोंडी काय राहतं ते बघून परत विचार करता येईल, ही पानं काही दगडावर कोरलेली नाहीत. हेच धाराशिव आणि उस्मानाबादला लागू आहे, अहिल्यानगर आणि अहमदनगरला पण.

छत्रपती संभाजीनगरच्याच आणखी जुन्या नावाने मला एकदा चांगलंच फिरवलं होतं. मलिक अंबरने 1610 मध्ये हे गाव वसवलं तेव्हा त्याचं नाव खडकी. मलिक अंबरवरच्या एका मजकुरात खडकी शब्दाला लिंक होती, ती गेली पुण्याच्या खडकीला, जिथे 5 नोव्हेंबर 1817 ला पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली. दोनशे वर्षं इकडची तिकडे झाली एका लिंकमध्ये. खडकी हे नाव पुण्याच्या खडकीलाच राहिलं पाहिजे, कसोटी स्पष्ट आहे, पण त्या लेखावर डोक्याशी ती एक ओळ नव्हती आणि म्हणून कोणाला शंकाही आली नव्हती. हैदराबादचंही असंच, नाव तेलंगणाच्या राजधानीला जातं ते योग्य, पण मराठवाड्याच्या लेखांत "हैदराबाद" येतं ते बहुतेक वेळा निजामाचं संस्थान असतं, 17 सप्टेंबर 1948 च्या संदर्भातलं, ती प्रत्येक लिंक हैदराबाद संस्थानाकडे वळवायला हवी.

आता प्रत्यक्ष काम. मी पहिल्या दोन वेळेला चुकलो ते क्रमात चुकलो, म्हणून क्रम नीट वाचा.

आधी लेखाच्या चर्चा पानावर लिहा की मी हे नाव हलवणार आहे, कारण हे हे, आणि काही दिवस थांबा. नंतर लेख हलवायचा तो "स्थानांतरण", म्हणजे पानाचं नाव बदलायची सोय, वापरूनच. मजकूर कॉपी करून नव्या नावाच्या पानावर पेस्ट करायचा आणि जुन्या पानावर यादी टाकायची असं अजिबात करू नका, त्याने लेखाचा सगळा इतिहास जुन्या पानाला चिकटून राहतो, कोणी काय कधी लिहिलं ते नव्या लेखात दिसत नाही. शिवाय विकिडेटावर इतर भाषांच्या लेखांशी जी जोडणी असते ती सुद्धा जुन्या पानापाशीच राहते, म्हणजे इंग्रजीतल्या शहराच्या लेखावरून मराठीवर क्लिक केलं की वाचणारा येतो निःसंदिग्धीकरणाच्या यादीवर. स्थानांतरण केलं की इतिहास आणि जोडणी दोन्ही लेखाबरोबर जातात.

स्थानांतरण झालं की जुन्या नावावर आपोआप पुनर्निर्देशन उरतं, वाशी टाकलं की वाशी (नवी मुंबई). इथे थांबायचं. लगेच त्याची निःसंदिग्धीकरणाची यादी करायला धावायचं नाही, हीच माझी पहिली चूक होती, मी घाईने यादी केली आणि नवी मुंबईच्या पानांवरच्या बरोबर असलेल्या लिंकासुद्धा एका झटक्यात यादीवर येऊन पडल्या, मग कोणीतरी चिडून सगळं उलटवलं, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुनर्निर्देशन आहे तोपर्यंत काही मोडत नाही, तेवढ्या वेळात "येथे काय जोडले आहे", म्हणजे या पानाला कुठून कुठून लिंका आल्यात त्याची यादी, उघडायचं आणि एकेक लिंक बघायची.

त्या यादीत सगळ्यात आधी साचे शोधा. माझी दुसरी चूक ही. धाराशिव जिल्ह्यातल्या एका पानावर वाशीची लिंक चुकीची दिसली, मी पान संपादनाला उघडलं, मजकुरात वाशी कुठेच नाही. दुसऱ्या पानावर तेच. कारण ती लिंक पानाच्या मजकुरात नव्हतीच, खालच्या तालुक्यांच्या पट्टीत होती, आणि ती पट्टी म्हणजे साचा, तो जिल्ह्याच्या सगळ्या पानांवर लावलेला असतो. जिल्ह्याच्या लेखातली लिंक मी दोनदा दुरुस्त केली ती मजकुरातली, पट्टीतली तशीच राहिली, आणि पोरीने बोट ठेवलं ते पट्टीवर. साच्यात एक शब्द बदलला की सगळी पानं सुधारतात. साचा बदलल्यावर "येथे काय जोडले आहे"ची यादी लगेच ताजी होत नाही, थोडा वेळ लागतो, तेव्हा जुनीच यादी बघून घाबरून परत बदलू नका.

मग मजकुरातल्या लिंका, इथे संयम लागतो. प्रत्येक वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही की लिहिणाऱ्याला कुठलं वाशी म्हणायचं होतं, म्हणून शोधा आणि बदला असं यंत्राने करू नका. मराठीत अजून एक आहे, आपली नावं वाक्यात तशीच राहत नाहीत, ठाणेचं ठाण्यात होतं, पुणेचं पुण्याहून होतं, त्यामुळे लिंक [[ठाणे जिल्हा|ठाण्यात]] अशी उभी रेघ घालूनच द्यावी लागते, डावीकडे नेमकं पान, उजवीकडे वाक्यात बसणारं रूप. लिंक बदलताना घाईत उजवी बाजूही बदलून टाकली की "ते ठाणे जिल्हा राहत होते" अशी वाक्यं तयार होतात.

सगळ्या लिंका नीट झाल्या की मगच पुनर्निर्देशन काढून तिथे यादी लिहायची. प्रत्येक ओळीत एकच लिंक, आणि ओळखायला पुरेल एवढंच वर्णन, कुठला तालुका, कुठला जिल्हा. ज्या गावाचा लेख अजून झाला नसेल त्याच्या ओळीत तालुक्याच्या लेखाची लिंक द्या म्हणजे वाचणारा रिकाम्या हाताने जात नाही. खाली निःसंदिग्धीकरणाचा साचा आठवणीने लावा, तो नसेल तर सॉफ्टवेअरला ते पान साधा लेख वाटतो.

कंसात काय लिहायचं यावरही थोडं. शहर असेल तर जिल्हा किंवा मोठं शहर पुरतं, पण खेड्यांना तालुका द्या, कारण एकाच जिल्ह्यात एकाच नावाची दोन-तीन गावं सर्रास असतात. आपल्या जुन्या माणसांनी हे काम कधीच करून ठेवलंय, बुद्रुक आणि खुर्द म्हणजे दुसरं काय आहे, थोरलं गाव आणि धाकटं गाव, फारसीतून आलेले शब्द सातबाऱ्यावर आजही गावं वेगळी ओळखतात. वडगाव शेरी, वडगाव मावळ, वडगाव निंबाळकर, लोकांनीच नावाला जोड देऊन ठेवलीय. अशी जोड लोकांच्या तोंडी असेल तर लेखाच्या नावात तीच वापरा, कंस करू नका. सीबीडी बेलापूर असं आपण बोलतोच.

शेवटी शुद्धलेखनाची पुनर्निर्देशनं. हिंदीत पुर ऱ्हस्व असतं, मराठीत पूर दीर्घ, त्यामुळे बिलासपुर आणि बिलासपूर अशी दोन पानं तयार होतात, कोणीतरी एक हिमाचलला जोडतो आणि दुसरं छत्तीसगढला. दोन्ही एकाच ठिकाणी गेली पाहिजेत. नेरूळ आणि नेरळ ही मात्र चुकीची स्पेलिंगं नव्हेत, एक आपल्या हार्बर लाईनवर आणि दुसरं माथेरानच्या पायथ्याशी, तिथे दोन्ही लेखांवर एकमेकांकडे बोट दाखवणारी ओळ हवी. आळंदीजवळच्या चऱ्होलीसारखी नावं दोन तऱ्हांनी टाइप होतात, डोळ्याला सारखीच दिसतात पण आतली अक्षरं वेगळी असतात, एका कीबोर्डवर ऱ स्वतंत्र मिळतो, दुसऱ्यावर र आणि न दिसणारा जोडणारा वर्ण असतो, आणि मग शोधणाऱ्याला पान सापडत नाही. जुन्या नावावरून पुनर्निर्देशन, तिथून पुढे पुन्हा पुनर्निर्देशन अशी साखळी ठेवू नका, सॉफ्टवेअर एकच उडी मारतं, दुसऱ्या पानावर थांबून राहतं, प्रत्येक जुनं नाव थेट शेवटच्या लेखाला जोडा.

एवढं केल्यावर हा प्रॉब्लेम परत येणार नाही का, तर येणार, नवीन लिहिणारा माणूस [[वाशी]] असंच टाकणार, आणि त्याला दोष देता येत नाही, त्याच्या दृष्टीने वाशी एकच आहे. फरक एवढाच, की आता ती लिंक यादीवर येते, आणि यादीवर येणाऱ्या लिंका सापडतात. विशेष पृष्ठांमध्ये निःसंदिग्धीकरण पानांना जोडलेल्या पानांची यादी असते, ती मी रविवारी सकाळी चहाबरोबर उघडतो, नव्या पडलेल्या लिंका वाचून योग्य गावाला पाठवतो, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. ज्यांचं नाव थेट लेखाला गेलंय, ठाणे, हैदराबाद, खडकी, प्रतापगड, त्यांच्या बाबतीत ही सोय नाही, त्यांचं "येथे काय जोडले आहे" अधूनमधून हाताने चाळावं लागतं, मी महिन्याला एक नाव घेतो.

काल संध्याकाळी काकांकडे परत गेलो, पोरीचा प्रोजेक्ट अजून द्यायचा होता. तिने पट्टीतलं वाशी दाबलं, या वेळी तालुक्याचं पान उघडलं, मजकूर चारच ओळींचा आहे. काकांनी त्या वाचल्या आणि म्हणाले, यात तर काहीच नाहीये, लिही मी सांगतो ते. त्यांनी सांगितलेलं सगळं लिहून घेतलंय, त्यातलं ज्याला छापील आधार मिळेल तेवढं घालणार, त्यासाठी जिल्हा गॅझेटियर बघायचंय. आणि त्याच पट्टीत वाशीच्या तीन घरं आधी कळंब आहे, ते दाबून बघितलं तर यवतमाळच्या चिंतामणीचं देऊळ आलं, तो साचा आज रात्री उघडतोय.